अक्षरांची पेटी: घरच्या लेझर कटरवरच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

यंत्र जोडून झालं. चौकट गुण्यात आहे का हे दोन्ही कर्ण मोजून पाहिलं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे, चालेल.

लेझर डायोडचा, किरण निळा, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. प्रकाशाची ताकद दहा वॅट. अशा यंत्रांच्या खोक्यावर कधी कधी याच्या कितीतरी पट मोठा आकडा छापलेला असतो, तो आत जाणाऱ्या विजेचा असतो. लाकूड कापतो तो बाहेर पडणारा प्रकाश, म्हणून वहीत मी दहाच लिहिणार.

काम आधीच ठरलंय. भाचीसाठी मुळाक्षरांची पेटी. ३ मिमी प्लायचे ४० मिमी चौरस ठोकळे, प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं. पेटी त्याच प्लायची, कडा खाचांनी एकमेकींत बसणाऱ्या. झाकणावर आरपार कापलेला एकच शब्द: अक्षरं.

चष्मा घेताना त्यावर छापलेली तरंगलांबी वाचून घेतली. नुसता रंगीत चष्मा उपयोगाचा नाही. माझ्या चष्म्यावर ४५० नॅनोमीटरला ओडी ५ (ओडी म्हणजे प्रकाश अडवण्याचं माप) लिहिलंय, म्हणजे प्रकाशाचा एक लाखावा भागच आत येतो. दहा वॅटचा लाखावा भाग ०.१ मिलीवॅट. हा हिशेब मांडून पाहिल्यावर मन शांत झालं. यंत्र मात्र बंद पेटीतच चालवायचं, धूर पंख्याने आणि पाइपने खिडकीबाहेर काढायचा. हाताशी पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि अग्निशामक. यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही, दाराची घंटा वाजली तरी आधी काम थांबवायचं.

७ नोव्हेंबर

पहिली रेघ मारली आणि प्लाय कापला जाण्याऐवजी त्यावर नुसती उथळ रेघ उमटली. पॉवर शंभर टक्के, वेग २०० मिमी प्रति मिनिट, तरी ही गत. लेन्स पाहिली, वायर पाहिली, सगळं ठीक.

दोष आकड्यांच्या भाषेत होता. यंत्राचा कंट्रोलर जीआरबीएल नावाच्या प्रणालीवर चालतो आणि त्यात पूर्ण ताकदीचा आकडा १००० ठेवलेला आहे (सेटिंग क्रमांक ३०). माझ्या संगणकावरचा प्रोग्रॅम मात्र पूर्ण ताकद म्हणून २५५ पाठवत होता. कंट्रोलरने २५५ वाचले, हजारातले २५५, म्हणजे साधारण पाव ताकद. दोन्हीकडे १००० केलं आणि रेघ खोल, काळी आली.

त्याच बैठकीत सेटिंग क्रमांक ३२ म्हणजे लेझर मोड चालू आहे याची खात्री केली आणि प्रोग्रॅममध्ये एम ३ ऐवजी एम ४ निवडलं (लेझर चालू करायच्या या दोन आज्ञा). एम ४ मध्ये लेझरचं डोकं कोपऱ्यावर वेग कमी करतं तेव्हा पॉवरही त्याच प्रमाणात उतरते. एम ३ मध्ये ती तशीच राहते आणि प्रत्येक कोपऱ्यात जळका ठिपका पडतो. चौकोनी ठोकळ्यांच्या कामात हा फरक लगेच दिसतो.

९ नोव्हेंबर

आज फक्त फोकस.

यंत्राबरोबर एक छोटा ठोकळा आलाय, तो खाली ठेवून डोकं त्याच्यावर टेकवायचं असतं. तो बरोबर आहे की नाही हे मला स्वतः पाहायचं होतं. १०० मिमी लांबीची प्लायची पट्टी घेतली, ठोकळ्याने जुळवलेल्या उंचीच्या ५ मिमी खाली तिचं एक टोक ठेवलं आणि ५ मिमी वर दुसरं. तिच्या लांबीवर कमी पॉवरची एक सरळ रेघ मारली. उतारामुळे रेघ एका टोकाला जाड, मग बारीक होत जाते आणि पुन्हा जाड होते. सर्वांत बारीक जागा भिंगातून शोधली. ठोकळ्याच्या हिशेबाने ती खालच्या टोकापासून ५० मिमीवर यायला हवी होती, आली ५४ वर. म्हणजे खरा फोकस ठोकळ्याच्या फोकसपेक्षा ०.४ मिमी वर.

एवढ्याने काय होतं असं वाटू शकतं. कोरीवकामात ते फारसं जाणवणार नाही, कापताना जाणवतं. एका पट्टीवर चिकटटेपचे थर देऊन ०.४ मिमी कमी उंचीचा नवा ठोकळा बनवला आणि त्यावर पेनने 'खरा' लिहून ठेवलं. कापताना डोकं आणखी एक मिलिमीटर खाली घेते, म्हणजे किरणाची सर्वांत बारीक जागा प्लायच्या जाडीत आत येते.

१२ नोव्हेंबर

प्लायची पहिली शीट. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलने 'शीट १' लिहिलं. चारही कोपऱ्यांत व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला: २.९, ३.०, २.९, ३.१. तीन मिलिमीटरची म्हणून विकली जाणारी शीट कुठेच नेमकी तीनची नसते, हे आता गृहीतच धरते.

दहा मिलिमीटरचे सहा चौकोन. पॉवर शंभर, एकच फेरी, वेग १५० पासून ४०० पर्यंत पन्नासाच्या पायऱ्यांनी. हवेचा झोत चालू. १५०, २०० आणि २५० चे चौकोन शीट उचलताच यंत्राच्या तळाच्या जाळीतून खाली पडले. ३०० चा चारही कोपऱ्यांत अडकला, दाबल्यावर निघाला. त्यापुढचे निघालेच नाहीत.

आकडा २५० निघाला तरी वहीत २२० लिहिला. हा प्लाय तीन थरांचा आहे, मधल्या थरात कुठे पोकळी असते, कुठे गाठ, कुठे डिंकाचा साठा. पोकळीवरून किरण सहज जातो, डिंकाच्या साठ्यावर अडतो. चाचणीचे चौकोन लहान असतात, त्यांच्या वाट्याला असं ठिकाण येईलच असं नाही. पेटीची भिंत २०० मिमी लांब आहे, तिच्या वाट्याला ते नक्की येणार.

मग आणखी एक तुलना. एका फेरीत २५० आणि दोन फेऱ्यांत ५००, दोन्हीत प्रत्येक मिलिमीटरला मिळणारी ऊर्जा सारखीच: दहा वॅट, सेकंदाला ४.१७ मिमी, म्हणजे मिलिमीटरला साधारण २.४ जूल. दोन फेऱ्यांची कड स्वच्छ आली, काजळी कमी. पण एका जागी, जिथे मधल्या थरात काळपट डिंक दिसत होता, तिथे ती आरपार गेली नाही आणि एका फेरीची गेली. कारण मला असं वाटतं की पहिल्या फेरीनंतर तो भाग थंड होतो, कोळशाचा थर बसतो आणि दुसऱ्या फेरीला सुरुवात पुन्हा त्या कोळशापासून करावी लागते.

बाहेरच्या वापराचा, पाण्यात टिकणारा प्लायही घरात होता. त्याचा डिंक फिनॉलिक जातीचा, कडेला गडद रेघ दिसते. ताशी वेग १०० वर आणूनही तो जागोजागी अडकला. बाजूला ठेवला. लेझरसाठी आतल्या वापराचाच प्लाय घ्यायचा.

(दुरुस्ती: वर 'ताशी' चुकून लिहिलंय, या वहीत सगळे वेग मिलिमीटर प्रति मिनिट.)

१३ नोव्हेंबर

हवेचा झोत बंद करून तेच सहा चौकोन. १५० वरच कसाबसा सुटला, कडा कोळशासारख्या काळ्या, आणि मधे एकदा पिवळी ज्योत दोन सेकंद उभी राहिली. झोत धूर हटवतो, म्हणून किरण लाकडापर्यंत पोचतो. ज्योतही विझवतो. झोताशिवाय कापायचं नाही, विषय संपला.

१६ नोव्हेंबर

आज यंत्र चालवलंच नाही, तरी ही नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

साठवणीत एक काळी, गुळगुळीत, २ मिमीची शीट सापडली. ॲक्रिलिक म्हणून घेतलेली, पण वर ना कागद ना शिक्का. काळं ॲक्रिलिक निळ्या किरणाने कापलं जातं, तेव्हा पेटीच्या कडी-कोयंड्यासाठी ती वापरावी असं मनात आलं होतं.

तांब्याच्या तारेची परीक्षा केली. ही अंगणात, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून करायची. जाड तांब्याची तार, एक टोक पकडीत धरलेलं, दुसरं गॅसच्या छोट्या टॉर्चच्या ज्योतीत लालभडक होईपर्यंत तापवलं. ज्योतीला आधी तारेचा हिरवा रंग येतो, तो जाईपर्यंत तापवत राहिले. मग ती तापलेली तार शीटच्या कोपऱ्यावर टेकवली, कणभर प्लॅस्टिक तिला चिकटलं, आणि तार परत ज्योतीत धरली.

ज्योत एकदम हिरवी झाली. फटाक्यातल्या हिरव्या रंगासारखी, निळसर छटेची, लख्ख. आणि नाकाला तिखट वास.

हिरवा म्हणजे क्लोरीन, आणि प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन म्हणजे जवळजवळ नेहमीच पीव्हीसी. ते लेझरखाली गेलं असतं तर हायड्रोजन क्लोराइड सुटला असता. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, माझ्या फुप्फुसात आणि यंत्राच्या रुळांवर सारखंच. गंजलेले रूळ बदलता येतात. मग खात्री करण्यासाठी ज्याच्यावर कागद होता आणि ज्याची माहिती पक्की होती त्या ॲक्रिलिकचा तुकडा नवीन तारेने तपासला. पिवळी ज्योत, हिरव्याचा मागमूस नाही.

म्हणून नियम: जे काय आहे ते माहीत नाही, ते यंत्राखाली जाणार नाही. रेक्झिनवर बहुधा पीव्हीसीचाच थर असतो, तेही नाही. एबीएस प्लॅस्टिक वितळून चिकटतं आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो, नाही. पॉलिकार्बोनेट दिसायला ॲक्रिलिकसारखं पण पिवळं पडून जळतं, नाही. थर्माकोल पेट घेतो, नाही. चामडं वनस्पतींच्या सालीने कमावलेलं असेल तरच, क्रोमने कमावलेलं नाही. सेटिंगचा विचार याच्या नंतर.

काळी शीट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर मोठ्या अक्षरांत पीव्हीसी लिहिलं, म्हणजे पुढे कुणाचाही हात चुकून पडणार नाही.

१८ नोव्हेंबर

भाचीचा फोन. "मावशी, झाकण काचेसारखं करशील? आतली अक्षरं दिसायला हवीत."

करता येणार नाही. पारदर्शक ॲक्रिलिक तिच्यासमोरच नंतर दाखवीन: निळा किरण त्यातून आरपार जातो, शीट तशीच राहते आणि खालच्या जाळीवर डाग पडतो. जो प्रकाश डोळ्याला आरपार दिसतो तोच हा प्रकाश. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा लेझर लागतो, जो कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये बनवला. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, माझ्या निळ्या किरणाच्या वीस पटीहून जास्त. त्या किरणाला पारदर्शक ॲक्रिलिक भिंतीसारखं अडवतं, म्हणून ते कापलं जातं.

तिला सांगितलं, झाकणावरचा शब्दच आरपार कापते, त्यातून आत डोकावता येईल. पटलं.

२२ नोव्हेंबर

खाचांचे जोड. आराखडा जसाच्या तसा कापला आणि दोन भिंती एकमेकींत घातल्या तर खडखडत होत्या. किरण रेघेवरचं लाकूड जाळून नेतो, त्याला कर्फ म्हणतात. दात दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा कर्फ झिजतो आणि खाच तेवढीच रुंदावते, म्हणून जोडात कर्फच्या दुप्पट ढिलेपणा येतो.

मोजायची रीत: १०० मिमी लांब, २० मिमी रुंद पट्टी, आडव्या रेघांनी दहा समान तुकड्यांत कापली. तुकडे घट्ट एकमेकांना लावून व्हर्नियरमध्ये धरले. ९८.५ मिमी. दहा तुकड्यांनी मिळून दीड मिलिमीटर गमावला, म्हणजे कर्फ ०.१५. शीटमध्ये उरलेल्या खिडकीत तुकडे परत घातले तर फट १.६५ आली. अकरा रेघा गुणिले ०.१५, बरोबर जुळलं. एकाच रेघेचा कर्फ मोजायला गेले असते तर व्हर्नियरचीच चूक त्याहून मोठी ठरली असती.

मग तीच पट्टी नव्वद अंशांनी फिरवून कापली. ९८.९. म्हणजे त्या दिशेला ०.११. डायोडच्या किरणाचा ठिपका गोल नसतो, लांबट असतो, त्यामुळे आडव्या आणि उभ्या कापाची रुंदी वेगळी येते. आता सगळ्या भिंती एकाच दिशेने मांडते, म्हणजे दात नेहमी एकाच जातीच्या रेघेने कापले जातात, आणि बाह्यरेषा ०.०७ मिमी बाहेर सरकवते. दुसऱ्या प्रयत्नाला जोड हाताने दाबून बसला आणि पालथा केला तरी सुटला नाही.

२६ नोव्हेंबर

झाकणावरचा शब्द. याच्यावर सबंध संध्याकाळ गेली, आणि देवनागरीत काम करणाऱ्या कुणालाही हे भेटणारच म्हणून सविस्तर लिहिते.

यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये 'अक्षरं' टाइप केलं तर क्ष फुटून क, हलन्त आणि ष असा आला. म्हणून शब्द इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केला, तिथे क्ष नीट जुळला, आणि मग मजकुराचे पाथ, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा, करून घेतले. पडद्यावर शब्द सुंदर दिसत होता. कार्डपेपरवर कापून पाहिला आणि अक्षरं सुटी होऊन हातात आली. अ वेगळा, क्ष वेगळा, र वेगळा.

भिंगाने पाहिल्यावर कळलं. फॉण्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजाऱ्याच्या शिरोरेषेत थोडी घुसवलेली असते, म्हणून वाचताना ती एकसंध दिसते. पण पाथ केल्यावर प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्र राहते. जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे दोन्हींच्या कडा आडव्या कापल्या जातात. उपाय सोपा: सगळी अक्षरं निवडून युनियन करायचं, म्हणजे आकार एकमेकांत मिसळायचे. मग शब्दाभोवती एकच रेषा उरते आणि शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. रोमन लिपीत सुटी अक्षरं कापली की ती सुटीच पडतात. आपल्या लिपीला हा आधार जन्मजात मिळालाय, शब्द कापून हातात घेतला की तो एका तुकड्यात येतो.

अनुस्वार मात्र राहिला. तो शिरोरेषेला शिवत नाही, म्हणून जाळीतून खाली गेला. टिंब दीड मिलिमीटर खाली ओढून शिरोरेषेत रुतवलं आणि पुन्हा युनियन केलं. वाचताना खटकत नाही.

हे सगळं सुटा शब्द कापण्याबद्दल झालं. झाकणात मात्र शब्दाच्या आकाराचं भोक हवंय, तेव्हा उलटी अडचण: क्ष च्या पोटातली बंद जागा गळून पडते. म्हणून शेवटी भोक पाडलं ते साध्या आयताचं, आणि सुटा कापलेला शब्द त्या खिडकीत शिरोरेषेने वरच्या कडेला आणि पायांनी खालच्या कडेला चिकटवला. असं केल्यावर अक्षरांच्या आजूबाजूने आतलं दिसतंही जास्त.

३० नोव्हेंबर

ठोकळ्यांवरचं कोरीवकाम. पॉवर २५ टक्के, वेग ३०००, ओळींमधलं अंतर ०.१ मिमी. एका अक्षराला जवळपास तीन मिनिटं.

पहिल्या 'क' च्या शिरोरेषेची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा गडद आली. तिथे डोकं दिशा बदलतं, म्हणून हळू होतं. ओव्हरस्कॅन चालू केलं, डोकं आता रेघेच्या पुढे पाच मिलिमीटर जाऊन वळतं. गडदपणा गेला.

धुराचे पिवळे डाग टाळायला वर मास्किंग टेप लावून पाहिला. कापताना फार उपयोगी. कोरताना नको, कारण टेपच्या जाडीच्या फरकाने रंग पट्ट्यापट्ट्यांचा येतो, आणि 'ळ' च्या दोन पोटांतून टेपचे कण चिमट्याने काढत बसावं लागतं. कोरून मग बारीक पॉलिश पेपरचा एक हात, तेवढं पुरे.

क्रम: आधी कोरायचं, मग आतली भोकं, शेवटी बाहेरची कड. कड आधी कापली की ठोकळा जाळीवर किंचित कलतो आणि पुढचं सगळं तिरकं.

५ डिसेंबर

शीट १, वेग २२०, पॉवर शंभर, झोत चालू. तोच आकडा, तीच शीट, आणि आज एकही ठोकळा सुटला नाही.

आधी शीटवर संशय घेतला. हवा दमट आहे, प्लाय ओलावा धरतो, वाकतोही. मोजलं: मधे पाऊण मिलिमीटर फुगवटा, चुंबकांनी दाबून घेतला. तरी नाही. वेग १६० वर आणला तेव्हा सुटले, कडा जळलेल्या. त्या आकड्यावर काम पुढे रेटता आलं असतं. पण शीट १ चा आकडा मला पक्का माहीत होता, म्हणून थांबले.

लेन्सपुढची काच काढली. मधोमध तपकिरी धुरकट थर, नखाएवढा. महिनाभराचा धूर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसली, कोरडी होऊ दिली, परत लावली. २२० वर ठोकळे पडले.

यानंतर एक नवी सवय. शीट १ ची एक लांब पट्टी वेगळी काढली आणि तिच्यावर 'साक्षी' लिहिलं. कामाला बसताना तिच्यावर २० मिमीच्या तीन रेघा: २००, २५०, ३००. पाठीमागे पहिल्या दोन उमटल्या तर यंत्र ठीक. न उमटल्या तर आधी काच, मग फोकस, मग झोताची नळी. साक्षी ठीक असूनही काम कापलं जात नसेल तर दोष नव्या शीटचा.

९ डिसेंबर

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा डिंकात दाबून केलेली फळी. ३ मिमी, एकसारखा, पोकळी नाही. १८० ला सुरेख कापला, पण धूर दाट आणि डोळे चुरचुरतात, त्यातल्या फॉर्माल्डिहाइडच्या डिंकामुळे. पंखा काम संपल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवला. मुलीच्या हातात रोज जाणाऱ्या वस्तूसाठी मी तो वापरणार नाही.

१४ डिसेंबर

शीट १ संपली, 'प' पासून पुढचे ठोकळे शीट २ वर. त्याच गठ्ठ्यातली, लेबलही तेच. जाडी ३.२ ते ३.३. साक्षी पट्टी ठीक, चौकोनांच्या चाचणीत आकडा २०० निघाला, वहीत १८०. एका गठ्ठ्यातल्या दोन शीटमध्ये एवढं अंतर.

पेटी शीट १ ची असल्यामुळे जोडांना धक्का लागला नाही. जोडात डिंकाचा थेंबही न घालता ती उभी राहिली आहे.

भाची दुपारी आली. सगळे ठोकळे जमिनीवर ओतले, 'ळ' शोधून हातात घेतला, त्याच्या दोन पोटांवरून बोट फिरवलं. मग स्वतःचं नाव लावायला बसली आणि अडली.

"मावशी, काना कुठंय? आणि टिंब?"

काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, यातलं एकही मी केलेलं नाही. नुसत्या मुळाक्षरांनी नाव कसं लागणार? काना १० बाय ४० मिमीचा उभा ठोकळा होईल. वेलांटी आणि मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसवायला ठोकळ्याच्या वरच्या कडेला खाच लागेल, खाचेला पुन्हा कर्फ आला. शीट ३ च्या पाठीवर नंबर लिहून ठेवलाय. व्हर्नियर लावला: ३.०, ३.०, २.८, ३.१.